सोळा होईपर्यंत

एक साल पातेल्याच्या कडेला चिकटून राहिलं होतं — आझुकीच्या एका दाण्याचं, नखाएवढं, आतला गर सांडून रिकामं झालेलं — आणि खालून येणाऱ्या वाफेनं ते घडीत फुगत होतं, घडीत बसत होतं. सुनेत्रा त्याच्याकडे बघत उभी होती. चमच्याचं टोक लावलं असतं तर ते खाली पडलं असतं. पण चमचा हातात असून हात पुढे होईना. दाण्यांवर तपकिरी फेस चढत होता, आणि त्याचा वास... ओल्या पोत्याचा, मातीचा, कुणाच्या तरी न धुतलेल्या डोक्याचा. लाल चवळीची ही धाकटी बहीण म्हणे. जपानी लोक हिचं साखर घालून पुरण करतात आणि दोन जाडसर गोड धिरड्यांच्या मध्ये भरून चहाबरोबर खातात. दोरायाकी. आज तीन वाजता हायाशीसाहेब आणि हायाशीबाई चहाला यायचे होते, आणि सोळा दोरायाकी करायच्या होत्या. चार बशीत मांडायला, बारा डब्यात भरून त्यांच्याबरोबर द्यायला. हे सगळं तिच्या नवऱ्यानं, रवीनं ठरवलेलं.

"पहिलं पाणी ओतूनच टाकायचं," स्वानंदीनं फोनवर सांगितलं होतं. "सगळा तुरटपणा त्याच्यासोबत जातो बघ."

सुनेत्रानं पातेलं सिंकशी नेलं. लालसर गढूळ पाणी स्टीलवर गोल फिरलं आणि गेलं. नेमका तेव्हाच रवी केळं खात स्वयंपाकघरात आला, आणि घास तोंडात असतानाच म्हणाला,

"कृष्णाचं नाव गेलंय."

"कुठे?"

"लिस्टमध्ये. टीममधला एक माणूस कमी करायचा होता. मंगळवारी सांगतील त्याला." त्यानं घास गिळला. "मलाच द्यायचं होतं नाव. चौघांतून एक."

"आणि तू कृष्णाचं दिलंस."

"त्याचा प्रोजेक्ट तसाही बंद होतोय, सुनेत्रा. बाकीचे तिघं... जाऊ दे ना. मलाही झोप नाहीये चार दिवस. आणि ऐक, कोणालाही बोलायचं नाही. स्वानंदीला तर अजिबात नाही. हे बाहेर फुटलं तर पहिला मी जाईन."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात केळ्याचा पांढरा गर लागला होता. बोलताना तो हलत होता. तिला तेवढंच दिसत राहिलं. तो गेला, शॉवरचा आवाज सुरू झाला, दुसरं पाणी घालून तिनं पातेलं पुन्हा चढवलं, आणि मग, हातातलं काम संपल्यावर, तिच्या लक्षात आलं की 'लिस्टमध्ये' हा शब्द ऐकल्यापासून पुढच्या एका क्षणात, कृष्णाचा चेहरा समोर यायच्या आत, त्याची बायको स्वानंदी आठवायच्या आत, तिच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं होतं. आपण नाही. आपलं नाही. घाम आल्यावर वारा लागावा तसं बरं वाटलं होतं तिला.

ते तिनं पुन्हा एकदा तपासून पाहिलं. होय, बरंच वाटलं होतं.

सुनेत्राला लहानपणापासून किळस फार. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी ती कधी प्यायली नाही. पंगतीत वाढप्याच्या अंगठ्याचं टोक आमटीत बुडालेलं दिसलं की ताटावरून उठायची. आई वैतागायची — "एवढी किळस बरी नव्हे गं, संसारात सगळं करावं लागतं." पण मनातून तिला त्याचा अभिमान होता. आपल्याला घाण लगेच कळते, इतरांच्या आधी कळते, असं तिला वाटायचं. आणि मोठी झाल्यावर हे नाकाचं ज्ञान तिनं माणसांनाही लावलं. खोटं बोलणारा, लाळघोटेपणा करणारा, वरच्यासमोर एक आणि खालच्यासमोर दुसरा असा माणूस समोर आला की तिच्या पोटात ढवळायचं, आणि तिचा त्या ढवळण्यावर विश्वास होता. मग आज सकाळी ते कुठे होतं? फेसाची किळस आली. केळ्याच्या गराची आली. आणि जिथे यायला हवी होती तिथे मात्र गार वारा...

कृष्णा आणि रवी इथे अमेरिकेत, नोव्हायला आले ते दोन वर्षांच्या अंतरानं, कृष्णा आधी, पण एकाच कंपनीत — गाड्यांचे सुटे भाग करणारी जपानी कंपनी, हायाशी तिचे इथले प्रमुख. कृष्णा त्याआधी तीन वर्षं जपानात, नागोयाला होता. रवीचं ग्रीन कार्ड आलं, तो मॅनेजर झाला. कृष्णा अजून व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. म्हणजे मंगळवारनंतर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधून परत, आणि त्यांची मुलगी आन्या अकरावीत. हे सगळं रवीला माहीत होतं. चौघांतल्या दुसऱ्या कुणाचं नाव देता आलं असतं का? दोघं अमेरिकन, एक जपानी. कृष्णा भांडणार नाही, वकिलाकडे जाणार नाही, रवीच्या घरी येऊन चहा पिऊन 'तुझा काय दोष' म्हणून जाईल... म्हणूनच दिलं असेल. मी काय केलं असतं त्याच्या जागी? तिनं हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर येण्याआधी दाणे ढवळायला घेतले.

रवी साडेनऊला बाहेर पडला. गाडी धुवायची होती, फुलं आणायची होती, आणि ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या जपानी दुकानातून हिरवा चहा. जाता जाता आरशासमोर थांबून त्यानं जपानी पद्धतीनं कमरेत थोडं वाकून पाहिलं, मग आणखी थोडं. तिनं तोंड फिरवलं.

दहा वाजता बेल वाजली. दारात स्वानंदी. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तवा.

"नागोयाचा आहे," आत येत ती म्हणाली. "तुझ्या तव्यावर रंग नाही यायचा गं सारखा. हायाशीबाईंना कळतं बरं का ते, लगेच."

"तू कशाला आलीस? फोनवर सांगितलं असतंस की."

"फोनवर पुरण बघता येतं का? बघू." तिनं पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला. "आहा! माझ्या घरमालकीणबाईच्या घरी रोज हा वास यायचा. सत्तर वर्षांची होती, पण हात काय चालायचे! वेलची नाही, जायफळ नाही, तरी पुरणच समज. आपलंच, फक्त नाव बदललेलं."

तिनं एक दाणा दोन बोटांत धरून दाबला, तो मऊ चिरडला, आणि बोटं चाटून तोच हात पुन्हा चमच्याला लावला. सुनेत्राला नेहमी असं काही दिसलं की शिरशिरी यायची. आज आली नाही. या बाईच्या बाबतीत ती पूर्वीही एकदा आली नव्हती — इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, रवी टेनेसीला प्लँटवर गेलेला, ईशान तीन वर्षांचा, आणि सुनेत्राला ताप आणि भयंकर उलट्या. फूटभर बर्फातून स्वानंदी चार दिवस मऊ भात घेऊन येत होती. बादलीत ओकलेलं ती बाथरूममध्ये नेऊन ओतायची, बादली गरम पाण्यानं धुवायची आणि पुन्हा पलंगाशी आणून ठेवायची, आणि हे करताना तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलायची नाही. सुनेत्रा उशीवरून बघत राहायची. आपल्याला हे कुणासाठीच जमणार नाही, असं तिला तेव्हाच स्वच्छ कळलं होतं.

साखर पडली. दाणे आधी पाणी सोडून सैल झाले, मग हळूहळू घट्ट होत चकाकायला लागले. स्वानंदी लाकडी उलथन्यानं पातेल्याच्या तळावर रेघ ओढून बघत होती. रेघ क्षणभर उघडी राहिली की झालं. चिमूटभर मीठ. गडद, तांबूस काळा, चिकट गोळा. तो ताटात पसरताना सुनेत्राला दुसरंच काही दिसलं, बाळाच्या दुपट्यात दिसतं तसलं, आणि तिनं घशाशी आलेलं आवंढ्याबरोबर खाली ढकललं.

"तुला बरं नाहीये का गं? चेहरा बघ."

"वास सहन होत नाहीये."

"मग तू बस. पीठ मी भिजवते." अंडी फोडत ती बोलत होती, साखर, मध, मैदा, पाण्यात विरघळवलेला सोडा, हात आणि तोंड दोन्ही चालू. "आणि हे बघ, मी केलं म्हणून सांगायचं नाही. तूच केलंस. रवीसाठी आजचा दिवस महत्त्वाचा आहे म्हणे. कृष्णाच म्हणाला, जा जरा, सुनेत्राला मदत कर."

"कृष्णा म्हणाला?"

"हो मग. रवीचं पुढे झालं तर त्याला आनंदच आहे. अगं, कोलंबसच्या एका कंपनीची ऑफर आलीये ना त्याला, सांगितलं होतं बघ तुला. सोमवार सकाळपर्यंत कळवायचंय. पण तो नकोच म्हणतोय. आजच मेल टाकून मोकळा होतो म्हणाला."

सुनेत्राच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं.

"का नको?"

"रवी म्हणाला होता ना त्याला मागच्या महिन्यात. थांब इथेच, तुझी गरज आहे. आन्याचंही शेवटचं वर्ष येतंय." स्वानंदीनं पिठावर ताटली झाकली. "अर्धा तास मुरू दे आता. चहा टाक."

मागच्या महिन्यात. तेव्हा रवीला यादीचं माहीत होतं का? नसेलही. 'थांब' हे त्यानं मनापासून म्हटलं असेल, मित्राला म्हणतात तसं. मग हे दोन आठवड्यांत बदललं आणि ते परत जाऊन सांगायचं राहिलं... किंवा राहिलं नाही, ठेवलं. चहा उकळून वर आला. सुनेत्रानं गॅस बंद केला. आता सांगावं. एवढंच तर म्हणायचं होतं, मेल पाठवू नका. चार शब्दसुद्धा नाहीत. पण त्यानंतरचं वाक्य कुठलं? रवीनं नाव दिलं — हे वाक्य तिच्या तोंडून स्वानंदीला ऐकू जाणार, या पातेल्याशेजारी, या वासात... चहा झाल्यावर सांगू. मग चहा झाला, आणि स्वानंदीचा फोन वाजला.

"कृष्णाचा मेसेज. मेल लिहिलाय म्हणतोय, तुला दाखव म्हणतोय. तुझं इंग्रजी चांगलं आहे ना, लायब्ररीवाली बाई तू." तिनं हात पुसून फोन पुढे केला. "बघ ना जरा. उद्धट नको वाटायला. पुढेमागे लागली ओळख तर असावी."

सुनेत्रानं फोन घेतला. आठ ओळींचा मेल. आपल्या प्रस्तावाबद्दल मनापासून आभार, फार विचार केला, कुटुंबाच्या दृष्टीनं सध्या आहे तिथेच राहणं योग्य वाटतं. साधा, सभ्य, कृष्णासारखा. तिसऱ्या ओळीत एक चूक होती.

"इथे 'द' पाहिजे," ती म्हणाली.

"कर ना मग दुरुस्त."

तिनं दुरुस्त केलं. शेवटच्या वाक्यात एक स्वल्पविरामही घातला. मेल वाचायला आता छान झाला होता. तिनं फोन परत दिला, आणि तिच्या बोटांना कसलीतरी चिकटी जाणवली. सिंकवर जाऊन तिनं हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले, नखांच्या खालीसुद्धा.

"थांब म्हणते त्याला, पाठवायच्या आधी मी एकदा बोलते," स्वानंदी टाइप करत म्हणाली. "दोनला आन्याला ऑर्केस्ट्राच्या रिहर्सलला सोडायचंय, त्याआधी पाठवेल. चल, तवा तापला."

तव्याला तेल लावून ते कागदानं पूर्ण पुसून घ्यायचं, इतकं की तेल आहे हे कळू नये. पळीभर पीठ वरून, हात न हलवता, एकाच जागी सोडायचं. ते आपोआप गोल पसरतं. वर बुडबुडे आले, ते फुटू लागले, की एकदाच उलटायचं. पहिल्या दोन चकत्यांवर डाग आले, त्या दोघींनी मिळून खाल्ल्या, म्हणजे एक स्वानंदीनं खाल्ली आणि एक सुनेत्रानं तोंडाशी नेऊन कचऱ्यात टाकली. तिसरीपासून रंग बरोबर आला — सगळीकडून सारखा, बदामी, हात फिरवावासा वाटणारा. स्वानंदी उलटत होती, सुनेत्रा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत होती. चार झाल्या. दहा झाल्या. दर वेळी ती मनाशी म्हणत होती, आता ही उतरली की. स्वानंदी सांगत होती की नागोयाच्या बाईनं निरोप देताना तिला हा तवा दिला आणि ती रडली नाही, कमरेत वाकली, आणि वाकलेलीच राहिली, टॅक्सी वळेपर्यंत. "मला आवडतं त्यांचं ते वाकणं," ती म्हणाली. "रवी करतो ते वेगळं." आणि हसली. सुनेत्राही हसली.

बत्तीस चकत्या झाल्या. मग भरणं. एकीवर चमचाभर सारण, मध्ये उंच, कडेला पातळ, वर दुसरी, आणि दोन्ही तळव्यांत धरून कडा अलगद दाबायच्या म्हणजे तोंड मिटतं. सुनेत्राला हे चांगलं जमत होतं. स्वानंदी कौतुक करत होती. बारा. तेरा. पंधरा. सोळावी तिनं डब्यात ठेवली, कागद घातला, झाकण लावलं. घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"स्वानंदी, कृष्णाला तो मेल पाठवू देऊ नकोस."

स्वानंदी तवा पुसत होती. "काय?"

"नाही म्हणू नका कोलंबसला. घ्या ती ऑफर."

"का गं?" आणि मग तिचा पुसणारा हात मंद होत होत थांबला. तिला सगळं कळत चाललं होतं, टप्प्याटप्प्यानं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कधी?"

"मंगळवारी."

"रवीनं?"

सुनेत्रानं होकारार्थी मान हलवली.

"आणि तुला कधी कळलं?"

"आज. सकाळी."

"सकाळी म्हणजे मी यायच्या आधी."

"हो."

स्वानंदी ओरडली नाही. ओरडली असती तर सुनेत्रालाही रडता आलं असतं. तिनं ओट्यावरून नजर फिरवली, पातेलं, ताट, डबा, आणि मग पुन्हा सुनेत्रावर आणली. आणि तिच्या वरच्या ओठाची एक बाजू किंचित वर गेली, नाकाशी सुरकुती पडली. बादली धुताना जे कधी झालं नव्हतं ते झालं. तिनं गरम तवा तसाच टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला, चपला घातल्या आणि गेली. दार तिनं हळूच ओढून घेतलं.

खिडकीतून सुनेत्राला ड्राइव्हवेवरची तिची गाडी दिसत होती. ती गाडीत बसली, पण इंजिन सुरू झालं नाही. कानाला फोन. एवढं दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. सात मिनिटं, आठ मिनिटं. मग गाडी मागे आली आणि वळली, आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून रवीची धुतलेली गाडी आत शिरली.

"स्वानंदी होती ना?" फुलं टेबलावर ठेवत तो म्हणाला. "हात केला मी. बघितलंच नाही तिनं." मग तो थांबला. "बोलली नाहीस ना काही?"

"मदत करायला आली होती," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणखी विचारावं असं त्याच्या डोळ्यांत आलं, आणि त्यानं विचारलं नाही. त्याला उत्तर नको होतं. तीनपर्यंत तरी नको होतं. तो बशा काढू लागला. तिला वाटलं, आता तरी याची किळस येईल. तिनं वाट पाहिली. त्याचा मानेवरचा घामाचा ओघळ पाहिला, कपाळाला चिकटलेले केस पाहिले. दमलेला माणूस होता तो, ओळखीचा.

हायाशी पतीपत्नी तीनला दोन मिनिटं असताना आले. वाकणं झालं. फुलं, हवा, ईशानचं कॉलेज. हायाशीबाईंनी दोरायाकी दोन्ही हातांनी उचलली, मधोमध मोडली, आत पाहिलं, आणि एक तुकडा तोंडात घालून डोळे मिटले.

"नागोया," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग इंग्रजीत, शब्द शोधत, कुणी शिकवलं म्हणून विचारलं.

रवी सुनेत्राकडे बघत होता. हायाशीसाहेब चहा फुंकत होते.

"कृष्णाच्या बायकोनं," सुनेत्रा इंग्रजीत म्हणाली. "स्वानंदीनं. आज सकाळी इथे येऊन. खरं तर तिनंच केल्या."

हायाशीसाहेबांनी कप खाली ठेवला. मग हायाशीबाईंनी मान डोलावून म्हटलं की ती फार चांगली मुलगी आहे, आणि रवीनं घाईघाईनं चहा ओतला, थोडा बशीत सांडला.

आपण हे बोललो, हे सुनेत्रानं स्वतःशी पाहिलं. त्या बोलण्यानं काही हलकं होईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी, हायाशीबाईंच्या बोटांतल्या अर्धुकाकडे बघता बघता, तिला एकदम घड्याळाचा काटा दिसला — एक पस्तीस. दहा वाजता सांगता आलं असतं. चहाच्या वेळी सांगता आलं असतं. फोन हातात होता तेव्हा तर नक्कीच. ती धजावली नाही असं तिनं दुपारभर धरलं होतं. भीती वाटली, शब्द सापडले नाहीत. पण शब्द सापडले ते झाकण लावल्यावर. तवा, तो रंग, त्या बाईचे हात, यांची गरज संपल्यावर. पहिल्या चकतीनंतर स्वानंदी निघून गेली असती तर आज या बशीत काय असतं? हे तिनं मनात मोजलं होतं का? कुठेतरी, बारा, तेरा, पंधरा करत... तिला आठवेना. तिनं आत खूप खोलवर जाऊन पाहिलं आणि तिथे तिला हो म्हणणारं कुणी भेटलं नाही, नाही म्हणणारंही भेटलं नाही.

"तुम्ही घेतलीच नाही," हायाशीबाई म्हणाल्या, आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुनेत्रानं एक उचलली आणि चावा घेतला. कड मऊ होती, मधाचा वास होता, आत सारण अजून किंचित कोमट. दाणे जिभेवर फुटले, गोड, पिठूळ, शेवटी मिठाचा एक कण. पोट ढवळेल म्हणून ती सावध बसली होती. ते ढवळलं नाही. ती चावत राहिली. चव चांगली होती, फारच चांगली होती, आणि पहिली संपायच्या आत तिचं लक्ष बशीतल्या उरलेल्या एकीकडे गेलं.